सेकंडरी क्लॅरिफायरमधून गाळ पुन्हा पुन्हा वाहून जातोय? कागद कारखान्याच्या ईटीपीतलं बल्किंग शोधायचं कसं

पल्प आणि कागद कारखान्यांच्या ईटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पावर) एकच दुखणं मी इतक्या वेळा निस्तरलंय, की समोरच्याचं पहिलं वाक्य ऐकलं की पुढची गोष्ट कळते. "एरेशन व्यवस्थित चाललंय, पण क्लॅरिफायरमधून स्लज जातोय." मग क्लॅरिफायरवर, म्हणजे स्लज (गाळ) खाली बसवणाऱ्या टाकीवर, उपचार सुरू होतात. पॉलिमर टाका, रिटर्न पंप वाढवा, रेकचा गिअरबॉक्स उघडा. आठवडाभर बरं वाटतं आणि दीड-दोन महिन्यांत पुन्हा तेच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. क्लॅरिफायर बहुतेक वेळा निर्दोष असतो, तिथे फक्त बिंग फुटतं. बिघाड असतो एरेशन टँकमध्ये, जिथे हवा देऊन जीवाणूंना घाण खायला लावतात, किंवा त्याच्याही आधी: जीवाणूंना काय खायला मिळतंय, किती वेळाने मिळतंय आणि कोणत्या अवस्थेत मिळतंय, यात.

खाली लिहिलेलं ॲक्टिव्हेटेड स्लज पद्धतीसाठी आहे, म्हणजे जीवाणूंचा गाळ एरेशनमध्ये वाढवायचा, क्लॅरिफायरमध्ये बसवायचा आणि परत फिरवायचा. नुसते एरेटेड लगून असतील तर त्यातलं अर्धंच लागू पडेल.

लक्षणं

एरेशन टँकमधलं मिश्रण (मिक्स लिकर) घेतलेल्या एक लिटरच्या सिलिंडरमध्ये ३० मिनिटांनंतरही गाळ ८००-९०० मिलीवर रेंगाळतो, पण त्याच्या वरचं पाणी मात्र स्वच्छ असतं. ही 'पण' महत्त्वाची आहे. बल्किंगमध्ये, म्हणजे गाळ फुगून खाली न बसण्याच्या दुखण्यात, लांब तंतूंसारख्या जीवाणूंचं जाळं जाळीसारखं काम करतं, बारीक कण गाळून घेतं, म्हणून वरचं पाणी नेहमीपेक्षाही नितळ दिसतं.

क्लॅरिफायरमध्ये गाळाची पातळी दिवसभर चढत जाते आणि प्रवाह वाढला की वेअरवरून (पाणी बाहेर पडायच्या कडेवरून) ढगासारखा गाळ जायला लागतो. रिटर्न स्लज (क्लॅरिफायरच्या तळातून एरेशनला परत जाणारा गाळ) पातळ होतो. नेहमी लिटरला ८-९ हजार मिलिग्रॅम असणारा ४ हजारांवर येतो, आणि पंप वाढवला की आणखी पातळ होतो. बेल्ट प्रेसवर केक ओला सुटतो, पॉलिमर जास्त लागतं.

सर्वांत बोलकं लक्षण प्रयोगशाळेत सापडतं. बाहेर जाणाऱ्या पाण्याचा एकूण सीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) वाढलेला असतो, पण तेच पाणी गाळून केलेला सीओडी जुन्या आकड्यावरच असतो. याचा अर्थ जीवाणू जेवतायत, काम करतायत. फक्त ते खाली बसत नाहीत.

आता यासारखी दिसणारी, पण वेगळी असलेली तीन दुखणी. सिलिंडरमध्ये गाळ छान बसला आणि तासा-दीड तासाने बुडबुड्यांसकट गठ्ठ्याने वर आला, तर ते डिनायट्रिफिकेशन आहे. तळाशी नायट्रेटचा नायट्रोजन वायू होतोय. गाळ भराभर बसला पण वरचं पाणी गढूळ राहिलं, तर फ्लॉक, म्हणजे जीवाणूंचा एकत्र बसणारा गोळा, फुटलाय. विषारी पदार्थ, पीएच किंवा तापमान यांच्याकडे बघा. आणि तिसरं म्हणजे टँकमध्ये गाळच वाजवीपेक्षा जास्त झालाय. ते ओळखण्यासाठी पहिली तपासणी.

सिलिंडर आणि पातळ करून केलेली चाचणी

खर्च शून्य, वेळ पाऊण तास. ३० मिनिटांच्या आकड्याला एमएलएसएसने (मिक्स लिकरमधला गाळ, लिटरला मिलिग्रॅममध्ये) भागून १००० ने गुणलं की एसव्हीआय (स्लज व्हॉल्यूम इंडेक्स) मिळतो. ८५० मिली आणि एमएलएसएस ३४०० असेल तर एसव्हीआय २५०. १०० ते १२० पर्यंत झोप लागते, १५० च्या पुढे बल्किंग धरून चालायचं. हा निर्देशांक मोलमन यांनी १९३४ मध्ये मांडला आणि आजही त्याच्याइतकं स्वस्त हत्यार दुसरं नाही.

पण एकटा एसव्हीआय फसवतो. म्हणून त्याच वेळी दुसऱ्या सिलिंडरमध्ये अर्धा मिक्स लिकर आणि अर्धं क्लॅरिफायरचं बाहेर जाणारं पाणी घ्या. तिसऱ्यात एक भाग लिकर, तीन भाग पाणी. समजा एमएलएसएस ६००० आहे, मूळ सिलिंडरमध्ये ९५० मिली राहिला आणि अर्धा पातळ केलेल्यात ३०० वर बसला. मग गाळ चांगलाच आहे, फक्त गर्दी झालीय. कण एकमेकांना खाली जाऊ देत नाहीत. अशा वेळी स्लज काढणं हाच उपाय, आणि हा लेख इथेच सोडलात तरी चालेल. निम्मा पातळ करूनही ७००-८०० वर अडकला, तर पुढे वाचा.

नळाचं पाणी वापरू नका, त्यातलं क्लोरीन आणि बदललेले क्षार निकाल बिघडवतात. शक्य असेल तर रुंद, दोन लिटरचं भांडं घ्या. अरुंद सिलिंडरच्या काचेला गाळ धरून राहतो आणि आकडा उगाच वाढतो.

लॉगबुक मागे वाचा

लोक कालचं पान बघतात. तंतू एका रात्रीत वाढत नाहीत. आज दिसणाऱ्या बल्किंगचं कारण साधारण एक ते तीन आठवडे मागे असतं. उलट विषबाधा तासाभरात दिसते. म्हणून आधी दिवस मोजा: एसव्हीआयची रेषा नेमकी कधी वळली? तिथून मागे जाऊन ईटीपीचं नाही, मशीनचं आणि पल्प मिलचं लॉगबुक मागवा. ग्रेड बदलला का, स्टार्च वाढवला का, ब्रोकची (वाया गेलेल्या, पुन्हा लगदा करायच्या कागदाची) टाकी रिकामी केली का, शटडाऊन होता का, कॉस्टिकने बॉइलआऊट (मशीनची धुलाई) केला का, नवीन स्लाइमिसाइड (चिकट जंतुवाढ मारणारं रसायन) आलं का, बॅकवॉटर (मशीनवर कागदातून निथळलेलं पाणी) जास्त फिरवायला सुरुवात झाली का.

शेवटची बाब कागदवाले अभिमानाने सांगतात आणि ईटीपीवाल्याला कोणी कळवत नाही. ताजं पाणी वाचवलं की तेवढीच घाण कमी पाण्यात येते, पाणी गरम होतं आणि बंद वर्तुळात फिरणाऱ्या पाण्यात सेंद्रिय आम्लं तयार होऊन साचतात. टनामागे पाणी कमी लागणं ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्याची किंमत एरेशन टँक चुकवतो.

हातातल्या मीटरने तीन आकडे

डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन), पीएच, तापमान. टँकवर बसवलेल्या मीटरवर विश्वास ठेवू नका. कागद कारखान्यात त्याच्या प्रोबवर फायबरचा शेंबूड आणि चुनखडीचा थर बसलेला असतो. हातातला मीटर हवेत जुळवून घ्या आणि टँकच्या तोंडाशी, मध्यभागी व शेवटी मोजा. तेही एकदाच नाही, चोवीस तासांत चार वेळा. शेवटी २ मिलिग्रॅम असला तरी तोंडाशी ०.३ असू शकतो, आणि तंतू तिथेच जिंकतात. कमी ऑक्सिजनमध्ये फ्लॉकच्या पोटातले जीवाणू गुदमरतात. बाहेर हात पसरून बसलेला तंतू मात्र श्वास घेत राहतो. सगळीकडे किमान १.५ ते २ मिलिग्रॅम ठेवा, आणि भार जास्त असेल तर त्याहून अधिक.

तापमानाचं गणित निर्दयी आहे. २० अंशांना पाण्यात जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३५ ला सुमारे ७, ४० ला ६.४. त्याच वेळी गरम पाण्यात जीवाणूंची भूक वाढलेली असते. ३५ ते ३७ अंशांपर्यंत बहुतेक ईटीपी सांभाळून घेतात. ४० च्या वर फ्लॉक सुटायला लागतात आणि मग बल्किंगची चर्चा करण्यात अर्थ उरत नाही, कूलिंग टॉवरची करायची.

पीएच ६.५ ते ८.५ च्या आत हवा. ६ च्या खाली दीर्घकाळ राहिला तर बुरशी वाढते, आणि बुरशीचे जाड तंतू जीवाणूंच्या तंतूंपेक्षा हट्टी असतात.

डीओ कमी आला तर लगेच ब्लोअर मागवू नका. ब्लोअरचा एअर फिल्टर, बेल्ट आणि हवेच्या पाइपमधला दाब बघा. दाब चढलेला असेल तर डिफ्युझर चोंदलेत. रद्दी कागदावर चालणाऱ्या मिलमध्ये कॅल्शियम इतकं असतं, की डिफ्युझरच्या रबरावर चुन्याची खपली धरते.

नायट्रोजन आणि फॉस्फरस: इथे थांबा आणि नीट मोजा

माझ्या अनुभवात वारंवार उलटणाऱ्या बल्किंगपैकी बरंचसं इथे सापडतं. घरगुती सांडपाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस आपोआप येतात. लाकूड, बगॅस आणि स्टार्चपासून आलेल्या पाण्यात कार्बन भरपूर असतो, ही दोन मूलद्रव्यं जवळजवळ नसतात. म्हणून आपण युरिया आणि डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) टाकतो. ते कमी पडलं तर जीवाणू खाल्लेल्या साखरेपासून नवीन पेशी बनवू शकत नाहीत. ती साखर चिकट आवरणाच्या रूपात अंगाबाहेर टाकतात. गाळ शेंबडासारखा होतो, बोटात धरला तर तार येते, वर राखाडी चिकट फेस साचतो. किंवा मग कमी अन्नद्रव्यांत तग धरणारे तंतू वाढतात. कधी दोन्ही.

सर्वांना पाठ असलेलं प्रमाण १०० भाग बीओडीला (जीवाणूंना खाता येणाऱ्या घाणीचं माप) ५ भाग नायट्रोजन आणि १ भाग फॉस्फरस. एक हिशेब करू. प्रायमरीनंतर (एरेशनच्या आधीच्या, फायबर बसवणाऱ्या क्लॅरिफायरनंतर) दिवसाला ५००० घनमीटर पाणी आणि बीओडी १००० मिलिग्रॅम, म्हणजे ५००० किलो बीओडी. त्याला २५० किलो नायट्रोजन आणि ५० किलो फॉस्फरस लागतो. डीएपीमध्ये फॉस्फरस सुमारे २० टक्के आणि नायट्रोजन १८ टक्के, म्हणून २५० किलो डीएपी दिला की फॉस्फरस पूर्ण झाला आणि ४५ किलो नायट्रोजनही मिळाला. उरलेला २०५ किलो नायट्रोजन ४६ टक्क्यांच्या युरियातून, म्हणजे साधारण ४४५ किलो युरिया.

हा आकडा फक्त सुरुवातीचा. स्लज एज (गाळ टँकमध्ये सरासरी किती दिवस राहतो) जास्त असलेल्या टँकमध्ये मेलेल्या पेशींमधून अन्नद्रव्यं परत मिळतात आणि गरज यापेक्षा कमी असते. खरी कसोटी बाहेर जाणाऱ्या पाण्यात किती उरतं ही आहे. सेकंडरीचं पाणी गाळून घ्या, मग अमोनिया नायट्रोजन १ मिलिग्रॅमच्या आसपास आणि ऑर्थोफॉस्फेट फॉस्फरस ०.५ च्या आसपास उरायला हवा. शून्य आलं तर कुणीतरी उपाशी राहिलंय.

आता मोजण्यातले खड्डे. चांगले केमिस्टही यात पडतात.

पाणी गाळल्याशिवाय मोजलं तर वाहून जाणाऱ्या गाळातला फॉस्फरसही मोजला जातो आणि सगळं आलबेल वाटतं. फॉस्फेटची किट बहुधा 'फॉस्फेट' म्हणून आकडा देते, 'फॉस्फरस' म्हणून नाही. १ मिलिग्रॅम फॉस्फेट म्हणजे जेमतेम ०.३३ मिलिग्रॅम फॉस्फरस. म्हणजे 'एक आलाय, पुरे' म्हणणारा ऑपरेटर प्रत्यक्षात उपासमार मोजत असतो. आणि कागदाच्या पाण्यातला लिग्निनचा तपकिरी रंग रंगमापक चाचणीत थेट आकडा वाढवतो. म्हणून रसायन न घातलेल्या त्याच पाण्याचा ब्लँक लावल्याशिवाय वाचन घेऊ नका.

सर्वांत मोठा खड्डा वेळेचा. एका मिलमध्ये तीन वेळा बल्किंग झालं, तिन्ही वेळा नायट्रोजनचा अहवाल उत्तम. महिन्याची युरिया खरेदीही हिशेबाला धरून. चौथ्या वेळी मी रात्री तीन वाजता नमुना घेतला. अमोनिया शून्य. डोसिंग पंप कधीचाच बिघडला होता. सकाळच्या शिफ्टमध्ये दिवसभराच्या गोण्या टाकीत रिकाम्या करून व्हॉल्व्ह उघडा सोडायचे, दुपारी जेवणाच्या आतच टाकी रिकामी. केमिस्टचा नमुना अकरा वाजता. जीवाणू फॉस्फरस थोडाफार साठवू शकतात, नायट्रोजनचं असं कोठार त्यांच्याकडे नसतं. सकाळी मेजवानी आणि उरलेला दिवस उपास, हा तंतूंना आमंत्रण देण्याचा खात्रीचा मार्ग. छोटा डोसिंग पंप बसवला, त्याच्या टाकीला तासातासाच्या पातळीच्या खुणा केल्या, पुढच्या पाच-सहा आठवड्यांत गाळ बसायला लागला. कोणाला ओरडायची वेळ आली नाही. त्या शिफ्टला पंपाऐवजी व्हॉल्व्ह वापरू नका असं कधी कोणी सांगितलंच नव्हतं.

डोस भारानुसार बदलायला हवा. मशीन बंद असताना कमी, स्टार्चचा ग्रेड चालू असताना जास्त. आणि टाकायची जागा एरेशनच्या तोंडाशी. प्रायमरीच्या आधी टाकला तर त्यातला काही भाग प्रायमरीच्या गाळाबरोबर निघून जातो. युरियाचा अमोनिया व्हायला जीवाणूंना वेळ लागतो, म्हणून वाढवलेल्या डोसचा परिणाम लगेच शोधू नका.

जास्त टाकणंही फुकट नाही. उरलेल्या अमोनियाचं नायट्रेट होतं, क्लॅरिफायरच्या तळाशी त्याचा वायू होतो आणि वर सांगितलेले गठ्ठे तरंगायला लागतात. बल्किंग बरं करता करता गाळ वर आणल्याचं मी पाहिलंय. स्वतःच केलंयसुद्धा.

पाणी कुजून येतंय का?

इक्वलायझेशन टँकच्या, म्हणजे येणाऱ्या पाण्याचा चढउतार सारखा करणाऱ्या टाकीच्या, काठावर उभं राहा. सडक्या अंड्यांचा किंवा आंबट-कुजका वास येतोय? टँकचा रंग काळसर? मग पाणी एरेशनला पोचण्याआधीच कुजायला लागलंय. कागदाच्या पाण्यात सल्फेट असतं. क्राफ्ट पल्पिंगमधून, तुरटीतून. ऑक्सिजन संपला की त्याचं सल्फाइड होतं आणि स्टार्च-साखरेची सेंद्रिय आम्लं होतात. थायोथ्रिक्स आणि टाइप ०२१एन या दोन तंतूंना ही थाळी मनापासून आवडते.

लेड ॲसिटेटचा कागद पाण्याच्या वर धरा, काळा पडला तर सल्फाइड आहे. झाकलेल्या टाकीत किंवा खड्ड्यात वाकून मात्र हा प्रयोग करायचा नाही. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या आसपास गेला की नाक बधिर होतं. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं नाही.

कारण बहुधा फायबर असतं. प्रायमरी क्लॅरिफायरमधला गाळ वेळेवर काढला नाही, तर तो तळाशी कुजतो आणि त्याचं पाणी वरून पुढे जातं. इक्वलायझेशनचे मिक्सर बंद असले तर तिथेही फायबरची गादी तयार होते. शटडाऊनमध्ये भरून ठेवलेली टाकी चार दिवसांनी एकदम एरेशनला सोडणं हे मी तरी बंदच करायला लावतो. मिक्सर आणि थोडी हवा चालू ठेवा, प्रायमरीचा गाळ दिवसातून अधिक वेळा, थोडा थोडा काढा, आणि स्लज प्रेसमधून परत येणारं पाणी कुठे मिसळतंय ते बघा. तेही कुजकं असतं आणि कोणाच्या हिशेबात नसतं.

सूक्ष्मदर्शक

फेज कॉन्ट्रास्ट असलेला सूक्ष्मदर्शक असेल तर उत्तम, नसेल तर साधाही चालतो. एक थेंब मिक्स लिकर, १०० पट मोठं करून. तंतू एका फ्लॉकमधून दुसऱ्यात पूल बांधतायत का, की फ्लॉकच्या आत राहतायत? पूल बांधले की गाळ बसणार नाही, नाव काहीही असो.

दुसरा थेंब काळ्या इंडिया शाईत मिसळून बघा. निरोगी फ्लॉकमध्ये शाई आतपर्यंत शिरते. मोठे पांढरे, शाई न शिरलेले डाग दिसले तर ते चिकट आवरण आहे आणि तुम्हाला परत युरिया-डीएपीच्या विभागात जायचंय. हा फरक कळणं फार मोलाचं, कारण चिकट बल्किंगवर क्लोरीनचा उपयोग होत नाही. तंतू नसतातच, मारणार कोणाला?

तंतू असतील तर नाव शोधावं. १९७५ मध्ये डच संशोधक आयकेलबूम यांनी नावं नसलेल्या तंतूंना क्रमांक दिले, ते अजून चालतात. ग्रॅम आणि नायसर हे दोन रंग देऊन ओळख पटते. स्फेरोटिलस किंवा टाइप १७०१ दिसला तर ऑक्सिजनकडे जा. थायोथ्रिक्स, ०२१एन असेल तर कुजकं पाणी किंवा अन्नद्रव्यांची टंचाई. टाइप ००४१, ०६७५, १८५१ असतील तर गाळाच्या मानाने अन्न कमी आहे, स्लज एज फार वाढलंय. स्लज थोडा जास्त काढा. एकाच स्लाइडवर दोन-तीन प्रकार दिसले तर सर्वांत जास्त असलेल्याच्या मागे लागा.

फायबर आणि राख पटकन बघा. एमएलएसएसमधला ५५० अंशांना जळणारा भाग घसरत चालला असेल तर टँकमध्ये जीवाणूंऐवजी फिलर (कागदात घालतात ती खनिज भुकटी) साठतंय. तुम्ही ४००० चा गाळ समजताय, त्यात कामाला येणारा निम्माच आहे. यावर इलाज प्रायमरीत आणि सेव्ह-ऑलमध्ये (मशीनच्या पाण्यातून फायबर-फिलर परत मिळवणाऱ्या यंत्रात).

वरून येणारे धक्के

पल्प मिल असेल तर ब्लॅक लिकर (लगदा शिजवल्यावर उरणारं काळं द्रावण). सांडला की पाणी गडद होतं, फेस चढतो, पीएच उडतो. पण रंग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. सर्वांत स्वस्त पहारेकरी म्हणजे पल्प मिलच्या गटारात लावलेला कंडक्टिव्हिटी मीटर. लिकरमध्ये सोडियम इतका असतो, की आकडा लगेच उडी मारतो. सांडलेलं पाणी वेगळ्या टाकीत वळवायचं आणि मग थेंबाथेंबाने सोडायचं. ब्लिचिंगमधलं उरलेलं पेरॉक्साइड किंवा क्लोरीन डायऑक्साइड, स्लाइमिसाइडचा शॉक डोस, वॉशअपचं साबण हेही याच यादीत.

शंका आली तर एक सोपी चाचणी आहे. मिक्स लिकर बाटलीत घेऊन हवा भरा, डीओ प्रोबने तोंड बंद करून ढवळत ठेवा आणि ऑक्सिजन किती वेगाने उतरतो ते मिनिटागणिक लिहा. मग तेवढ्याच लिकरमध्ये संशयित पाणी थोडं घालून पुन्हा करा. जेवण मिळाल्यावर वेग वाढायला हवा. वाढण्याऐवजी मंदावला तर त्या पाण्यात विष आहे. सगळं ठीक असतानाचे तुमच्या टँकचे आकडे लिहून ठेवा. दुसऱ्या मिलच्या आकड्यांशी तुलना करून काही कळत नाही.

आज पाणी वाहतंय, आज काय करू?

क्लॅरिफायरवर येणारा भार कमी करा. इक्वलायझेशनमध्ये जागा असेल तर दुपारचा फुगवटा तिथे अडवा. एरेशन टँकला मधल्या भागात पाणी सोडायची सोय असेल तर थोडं पाणी पुढच्या टप्प्यावर सोडा. त्यामुळे क्लॅरिफायरकडे जाणारा लिकर पातळ होतो. रिटर्न थोडा वाढवून बघा, पण गाळाची पातळी उतरली नाही तर परत कमी करा. रिटर्नचं पाणी फिरून क्लॅरिफायरवरच येतं. कॅटायॉनिक पॉलिमर क्लॅरिफायरच्या तोंडाशी, आधी बीकरमध्ये मात्रा ठरवूनच. जास्त झालं की गाळ उलट सुटतो.

घाबरून एका दिवसात अर्धा स्लज काढू नका. आणि चार गोष्टी एकाच आठवड्यात बदलू नका. कारण काढून टाकलं तरी वाढलेले तंतू टँकमध्येच असतात, ते फक्त स्लज काढण्यातून बाहेर जातात. त्याला दोन ते तीन स्लज एज लागतात. स्लज एज १२ दिवसांचं असेल तर जवळजवळ महिना. पाचव्या दिवशी 'फरक नाही' म्हणून डोस परत बदलणारेच दर दोन महिन्यांनी याच जागी येतात.

कुठे हात थांबवायचा

रिटर्न स्लजमध्ये क्लोरीन द्यायचं असेल तर जाणकार बोलवा. साधारण दर १००० किलो गाळामागे दिवसाला २-३ किलोपासून सुरुवात करतात, पण तो कुठे मिसळतो आणि गाळाला दिवसातून किती वेळा लागतो, यावर सगळं ठरतं. जास्त झालं तर फ्लॉकच मरतो आणि पांढरं गढूळ पाणी बाहेर जातं. सेंद्रिय पदार्थांशी मिळून क्लोरीनयुक्त संयुगंही तयार होतात. कारण सापडलेलं नसताना तर मुळीच नको.

टाकी, खड्डा किंवा बंद गटार यांत उतरण्याचा प्रश्न आला की वायू मोजणारं उपकरण, परवानगी आणि प्रशिक्षित माणसं आल्याशिवाय कोणीही उतरायचं नाही. आत कोणी कोसळलं तर त्याला काढायला धावत जाणंही नाही. पल्प मिलच्या गटारात ॲसिड आणि लिकर एकत्र आल्याची शंका असेल तर परिसर रिकामा करा आणि सुरक्षा विभागाला कळवा.

सेलेक्टर बांधणं, एरेशनचे टप्पे बदलणं, ब्लोअरची क्षमता ठरवणं, क्लॅरिफायरच्या आतले बॅफल आणि वेअर बदलणं ही डिझाइन करणाऱ्या अभियंत्याची कामं. सेलेक्टर म्हणजे एरेशनच्या तोंडाशी छोटे कप्पे, जिथे उपाशी गाळाला एकदम भरपूर अन्न मिळतं आणि फ्लॉकवाले जीवाणू तंतूंच्या आधी ते पटकावतात. अन्न कमी पडून येणाऱ्या तंतूंवर तो चांगला चालतो. पण कुजकं पाणी किंवा युरियाचा तुटवडा तसाच ठेवून बांधलेला सेलेक्टर मी रिकामा पडलेला पाहिलाय. म्हणून त्या अभियंत्याला बोलावण्याआधी त्याच्या टेबलावर ठेवायला तीन महिन्यांचा एसव्हीआय, रात्रीचा अमोनिया आणि फॉस्फरस, चार वेळचा डीओ आणि एक सूक्ष्मदर्शकाचा फोटो तयार असू द्या. तो पहिल्या तासात हेच मागेल.

आणि सोडल्या जाणाऱ्या पाण्याची मर्यादा ओलांडली गेली असेल तर तपासणी संपायची वाट न बघता ज्याला कळवणं बंधनकारक आहे त्याला त्याच दिवशी कळवा.